विरारच्या पलीकडचें घर

गेल्या कांहीं महिन्यांत या सदराकडे जीं पत्रें आलीं, त्यांतील बऱ्याच पत्रांचा रोख एकाच प्रश्नाकडे आहे. मुंबईंत घर घेणें आवाक्याबाहेर गेलें. ठाणें-डोंबिवली भरून वाहूं लागली. वसई-विरारचा भावहि आतां चढला. तेव्हां पालघर किंवा बोईसर येथें घर घ्यावें कीं काय, आणि घेतल्यास तेथें एकत्र कुटुंबाचा निभाव लागेल काय? एरवीं अशा पत्रांस चार ओळींचें उत्तर धाडून आम्ही मोकळे झालों असतों. परंतु योग असा कीं, गेल्या वर्षीं हाच प्रश्न आमच्या स्वतःच्या घरांत उभा राहिला. त्याचें उत्तर शोधतांना आम्हांस जें पाहावें लागलें, आणि आमच्या उतावळेपणापायीं जें थोडेंसें भोगावेंहि लागलें, तें सांगितल्यावांचून त्या चार ओळींस कांहीं किंमत येणार नाहीं.

आमचें कुटुंब अकरा माणसांचें. थोरले बंधू, ज्यांस आम्ही सर्व दादा म्हणतों, गिरगांवांतील चाळींत दोन खोल्यांत राहातात, आम्ही डोंबिवलीस. आई कधीं इकडे, कधीं तिकडे. गणपतींत आणि दिवाळींत मात्र सर्वांनीं एका छपराखालीं यावें असा घरचा दंडक आहे, आणि त्या दिवसांत गिरगांवच्या दोन खोल्यांची जी अवस्था होते तिचें वर्णन आमच्या वाचकांस करून सांगण्याची जरूर नाहीं. ती चाळ आतां पाडून नवी बांधावयाची ठरली. दादा सेवानिवृत्त झाले, जन्माची पुंजी एकरकमी हातीं आली, आणि सर्वांनीं एकत्र राहाण्याजोग्या घराचा जो विषय वीस वर्षें नुसता बोलला जात होता, तो एकदम व्यवहाराच्या पायरीवर येऊन उभा राहिला. पालघरचें नांव प्रथम काढलें तें आईनें. तिचें माहेर माहीमचें. मुंबईंतील माहीम नव्हे, केळव्याजवळचें. चौऱ्यायशी वर्षांच्या बाईनें आपल्या मुलुखाचें नांव काढल्यावर तें मोडून काढण्याची छाती ज्या घरांत कोणास होते, तें घर आमचें नव्हे.

याच सुमारास दादांच्या धाकट्या मुलानें ऑस्ट्रेलियांत घर घेतलें. मेलबर्न शहराच्या पश्चिमेस सुमारें २५ किलोमीटरांवर टार्नीट नांवाचें उपनगर आहे. २०१५ सालीं तेथें रेल्वे-स्थानक झालें, आणि पूर्वींच्या मोकळ्या रानावर घरांच्या रांगा उभ्या राहिल्या आहेत. आपल्याकडील अनेक कुटुंबें तेथें वसलीं आहेत. त्यानें घराचीं चित्रें पाठविलीं. बायकांनीं स्वयंपाकघर पाहिलें, मुलांनीं अंगण पाहिलें, आणि दादांनीं, ज्यांचा जन्म हिशेबाच्या वह्या तपासण्यांत गेला, चित्रांसोबत आलेलें कागदांचें बाड वाचलें. त्या व्हिक्टोरिया प्रांतांत १९६२ च्या जमीनविक्रीच्या कायद्याचें ३२ वें कलम असें आहे कीं, घेणारानें करारावर सही करण्यापूर्वीं विकणारानें त्याच्या हातीं एक लेखी निवेदन दिलें पाहिजे. जागेवर बोजा कोणाचा, तिजवरून वाट कोणाची, वापर कशासाठीं ठरलेला, पट्टी किती, पाणी, वीज आणि सांडपाणी यांपैकीं काय जोडलेलें नाहीं, हें सर्व त्यांत येतें. लिलावाबाहेर घेतलेल्या घराचा करार, थोडी रक्कम सोडून, तीन कामकाजाच्या दिवसांत मोडतांहि येतो. तें वाचून दादा म्हणाले, "अरे, आपल्याकडे विकणारा बोलतो आणि आपण ऐकतों, तिकडे त्याला लिहून द्यावें लागतें." हें वाक्य वाचकांनीं ध्यानांत ठेवावें, कारण तें उच्चारणारा मनुष्यच पुढें दोन महिन्यांत काय करून बसला तें सांगावयाचें आहे.

पालघरास जाणारा मनुष्य विरारपर्यंत मुंबईंतच असतो. विरार सुटलें, वैतरणेच्या खाडीवरील पूल मागें पडले, दोन्ही बाजूंस तिवरांचें रान दिसूं लागलें, म्हणजे प्रथम आपण कोठें तरी चाललों आहों असें वाटतें. पुढें सफाळें, केळवें रोड आणि मग पालघर. चर्चगेटपासून अंतर सुमारें ९० किलोमीटर. बोईसर आणखी बारा किलोमीटर पुढें. १६ एप्रिल २०१३ रोजीं उपनगरी गाड्या विरारच्या पुढें डहाणू रोडपर्यंत धांवूं लागल्या, आणि त्या दिवसापासून या भागांतील जमिनीचा भाव गाडीच्या वेळापत्रकाशीं बांधला गेला. परंतु विरार ते डहाणू हा ६४ किलोमीटरांचा पट्टा दोनच रूळांवर उभा राहिलेला आहे. त्याच रूळांवरून गुजराथेकडील लांब पल्ल्याच्या गाड्या जावयाच्या, त्यांवरूनच लोकल. तिसऱ्या व चौथ्या मार्गाचें काम हातीं घेतलें आहे. तें पुरें होईपर्यंत, 'स्थानकापासून सात मिनिटें' ही जाहिरातींतील ओळ वाचतांना स्थानकावर पोंचल्यानंतर किती मिनिटें उभें राहावें लागतें, हेंहि घेणारानें विचारलें पाहिजे. आम्ही पहिल्या दिवशीं एक गाडी चुकलों आणि फलाटावर तासभर बसून तें शिकलों.

हा मुलूख आमच्या वाचकांस अगदींच परका नाहीं. चिमाजीअप्पांच्या वसईच्या मोहिमेंत जानेवारी १७३९ मध्यें माहीम, केळवें आणि तारापूर हीं ठाणीं मराठ्यांच्या हातीं आलीं. तारापुरास बाजी भिवराव रेठरेकर पडले. मामासाहेब उर्फ सोनोपंत दांडेकर केळवें-माहीमचेच. पालघरच्या महाविद्यालयास त्यांचें नांव आहे. १४ ऑगस्ट १९४२ रोजीं पालघरांत गोळीबार होऊन पांच जण हुतात्मे झाले. त्यांच्या स्तंभावरूनच शहरांत जावें लागतें. पूर्वीं तालुक्याचें नांवसुद्धां पालघर नव्हतें, माहीम होतें. रेल्वे किनाऱ्यापासून आंतून गेली, त्यामुळें माहीमचा बाजार आणि कचेऱ्या हळूहळू स्थानकाकडे सरकल्या, आणि जुनें गांव आपल्या पानवेलींच्या वाड्यांसह मागें राहिलें. आईच्या लहानपणीं पालघर म्हणजे गाडींतून उतरून टांगा करण्याची जागा. तीवर कोणी मुद्दाम घर करील ही कल्पना तिला अजून थोडी हास्यास्पद वाटते.

१ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाणें जिल्ह्याचे दोन भाग होऊन आठ तालुक्यांचा पालघर जिल्हा झाला. मग जिल्ह्याच्या कचेऱ्यांसाठीं जागा हवी. सरकारनें सुमारें ४४० हेक्टर जमीन सिडकोस दिली आणि त्या मोबदल्यांत सिडकोनें पालघर-बोईसर रस्त्यावर कोळगांव येथें जिल्ह्याचें मुख्यालय बांधून दिलें. १९ ऑगस्ट २०२१ रोजीं तें उघडलें. इमारती खरोखर देखण्या आहेत. परंतु त्यांच्या घुमटाचें चित्र ज्या-त्या घरविक्याच्या पत्रकावर छापलेलें असतें, आणि त्या चित्राचा जणूं चौरस फुटामागें कांहीं आकार घेतला जातो, हें आमच्या नजरेंतून सुटलें नाहीं.

आम्ही पाहिलेली जागा स्थानकाच्या पूर्वेस होती. पांचव्या मजल्यावरील दोन लगतच्या सदनिका घ्याव्या, मधल्या भिंतींत दार पाडावें, एका बाजूस दादा आणि आई, दुसऱ्या बाजूस आम्ही, आणि स्वयंपाक एकच, असा आमचा बेत. नमुन्याची सदनिका फार सुरेख सजविलेली होती. आमची धाकटी सून बँकेंत आहे. तिनें पिशवींतून मोजपट्टी काढली आणि पलंग मोजला. तो साडेपांच फूट भरला! खोली मोठी दिसावी म्हणून पलंग लहान करून घेतलेला. पत्रकांतील क्षेत्र आणि पायांखालीं प्रत्यक्ष येणारें चटईक्षेत्र यांत जिना, गच्ची आणि लिफ्ट घालून फुगविण्याची जी जुनी चाल, तिला २०१७ पासून महारेराच्या कायद्यानें आळा बसला आहे. नोंदलेल्या प्रकल्पांत विक्री चटईक्षेत्रावरच झाली पाहिजे. पलंगास मात्र कायदा नाहीं. वहिनींनीं दुसरें कांहीं न पाहातां स्वयंपाकघरांत उभें राहून आमच्या पत्नीस पाठीमागून जाण्यास सांगितलें. दोघींस एकमेकींच्या पाठीमागून जातां येईना. तेव्हां वहिनी एवढेंच म्हणाल्या, "म्हणजे इथें एकीनेंच रांधायचें."

दाराचा प्रश्न आम्हीं काढला तेव्हां विक्रीस बसलेला तरुण हंसून म्हणाला कीं, ताबा घेतल्यावर काय वाटेल तें करा. सुदैवानें बाहेर एक वृद्ध मुकादम उभा होता. त्यानें सांगितलें कीं, ही इमारत विटांची नव्हे. ॲल्युमिनियमच्या साच्यांत भिंती आणि छत एकदम काँक्रीटनें ओतलें आहे, प्रत्येक भिंत वरच्या मजल्यांचें ओझें वाहाते, तींत दार पाडणें म्हणजे खांब कापणें. ही गोष्ट आम्हांस मुळींच ठाऊक नव्हती. नव्या उंच इमारतींतून ही रीत आतां सर्रास वापरतात, आणि जोडून घ्यावयाच्या दोन सदनिकांचें स्वप्न पाहाणाऱ्या एकत्र कुटुंबानें सर्वांत आधीं हाच प्रश्न विचारला पाहिजे. दार हवें असेल तर तें नकाशांत आणि मंजुरींत अगोदर असावें लागतें. त्या मुकादमाचे आमच्यावर उपकार आहेत. त्याचें नांव विचारण्याचें भान मात्र आम्हांपैकीं कोणास राहिलें नाहीं.

आईनें सदनिका पाहिलीच नाहीं. ती खालीं पहारेकऱ्याच्या खुर्चीवर बसली होती, आणि आम्ही उतरलों तों तिला सर्व कळलेलें होतें. शेजारची जी इमारत पुरी होऊन भरलेली होती तिच्यांत नळाचें पाणी दिवसाकाठीं थोडा वेळ येतें, आणि वैशाखांत टँकर बोलवावा लागतो. "एका टँकरचे पैसे किती, तेंहि मीं विचारलें," ती म्हणाली. घर पाहावयास आम्ही पांच माणसें गेलों होतों. पाहिलें तें तिनें.

पाण्याची कथा थोडी लांबवर जाते. या भागाची तहान भागते ती सूर्या नदीवर. तिच्यावरील धामणी धरण मूळ डहाणू-पालघरकडील शेतीसाठीं, मुख्यतः आदिवासी शेतकऱ्यांच्या जमिनी भिजाव्या म्हणून बांधलें. पुढें शहरें वाढलीं, आणि त्याच पाण्यांतून वसई-विरार व मिरा-भाईंदर यांस मिळून दररोज ४०३ दशलक्ष लिटर नेण्याची योजना झाली. धरणाच्या कुशींतील पाड्यांवरील बायका हंडा घेऊन चालतात आणि नळ दूर दक्षिणेस धांवतो, ही तक्रार तिकडे उघड ऐकूं येते, आणि ती खोटी आहे असें म्हणण्यास आम्ही धजणार नाहीं. पालघरास घर घेणारा मनुष्य त्या रांगेंत आणखी एक घागर घेऊन उभा राहातो.

आतां आमची फजिती. ती जागा नापसंत पडल्यावर त्याच विक्रेत्यानें पलीकडील दुसरा टप्पा दाखविला. तो विटांचा, चार मजली, स्वयंपाकघर मोठें, आणि दर कमी. काम जोत्यापर्यंत आलेलें. पत्रकावर महारेराचा क्रमांक ठळक छापलेला होता. दादांनीं खिशांतून धनादेशाचें पुस्तक काढलें आणि इसाऱ्यादाखल एक रक्कम लिहून दिली. ऑस्ट्रेलियांतील ३२ व्या कलमाचें कौतुक करणारे हेच दादा! आम्ही शेजारीं उभे होतों आणि आम्हींहि हात धरला नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. दर पुढील सोमवारीं वाढणार असें सांगण्यांत आलें होतें. दर नेहमींच पुढील सोमवारीं वाढणार असतो.

रात्रीं सुनेनें तो क्रमांक महारेराच्या संकेतस्थळावर घालून पाहिला. क्रमांक खरा होता, पण पहिल्या टप्प्याचा. दुसऱ्या टप्प्याची नोंद कोठेंच नव्हती. ज्या प्रकल्पास नोंदणी लागते त्याची ती झाल्यावांचून जाहिरातसुद्धां करतां येत नाहीं. मग तिनें सरकारच्या भूलेखांतून त्या गटाचा सातबारा काढला. 'इतर अधिकार' या रकान्यांत, जमीन आदिवासी खातेदाराची असून तिच्या हस्तांतरणास बंदी, अशा अर्थाची नोंद होती.

ही ओळ शहरी वाचकाच्या डोळ्यांस सहसा दिसत नाहीं, म्हणून तिचा अर्थ सांगतों. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या ३६ व्या कलमास १९७४ सालीं '३६ अ' हें कलम जोडलें गेलें. त्यान्वयें आदिवासीची जमीन आदिवासी नसलेल्या मनुष्यानें घ्यावयाची तर जिल्हाधिकाऱ्याची परवानगी लागते, आणि अशा विक्रीस ती देण्यापूर्वीं जिल्हाधिकाऱ्यानें सरकारची संमति घ्यावी लागते. पूर्वीं हातच्या गेलेल्या जमिनी आदिवासींस परत देण्याचा निराळा कायदाहि त्याच सालचा. म्हणजे परवानगीवांचून अशा जमिनीवर बांधलेल्या घराचे हप्ते मनुष्य वीस वर्षें फेडील, आणि जमीन त्याची कधींच होणार नाहीं. हे कायदे उगीच झाले नाहींत. १९४५ सालीं याच टापूच्या उत्तरेस, तलासरी-उंबरगांव-डहाणूकडे, वारल्यांनीं वेठीविरुद्ध आणि जमीनदारांच्या जुलमाविरुद्ध लढा दिला. गोदूताई परुळेकर त्यांच्याबरोबर उभ्या होत्या. ते जमीनदार आणि सावकार कोणकोणत्या घरांतले होते, हें ज्यानें-त्यानें आपल्या माळ्यावरील जुन्या कागदांस विचारावें. आमच्या आईच्या माहेरच्या कागदांत काय निघेल याची खात्री आम्हांस नाहीं.

सातबारा हा तरी कालपरवाचा कागद. चिंचणीस जे जुने ताम्रपट सांपडले आहेत, त्यांतील एक शके ८४८ चा, म्हणजे इसवी सन ९२६ चा आहे. राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याचा मांडलिक म्हणून एक अरब अधिकारी तेव्हां संजाणचा कारभार पाहात होता, आणि त्याच्या अमदानींत एका मठास दिलेल्या जमिनीची ही सनद आहे. अकराशें वर्षांपूर्वीं ज्या किनाऱ्यावर परक्या धर्माच्या अधिकाऱ्यानें मठाच्या जमिनीचा लेख तांब्यावर कोरवून दिला, तेथें दादांस साध्या कागदावर पावतीसुद्धां धड मिळाली नाहीं. इसाऱ्याची रक्कम परत येण्यास पांच महिने आणि वकिलाचीं तीन पत्रें लागलीं. या दिवसांत दादा जेवतांना बोलत नसत. पुंजीच्या मानानें रक्कम फार मोठी नव्हती. पण अडतीस वर्षें दुसऱ्यांच्या चुका काढलेल्या मनुष्यास आपली चूक सुनेनें काढलेली पचविणें जड गेलें. ती बिचारी मात्र त्या काळांत रोज त्यांच्या ताटांत तूप जास्त वाढीत असे.

म्हणून आमचें सांगणें असें कीं, नोंदणीचा क्रमांक पत्रकावर पाहूं नये, संकेतस्थळावर पाहावा. आणि तेथें जमिनीच्या मालकीविषयीं वकिलाचा जो अहवाल चढविलेला असतो तो वाचावा. आपल्या देशांतील ३२ वें कलम म्हणावयाचें तर तें हेंच आहे; फरक इतकाच कीं, येथें तें आपण होऊन उघडावें लागतें. करार नोंदविल्यावांचून किंमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम बांधणारास घेतां येत नाहीं. पण ज्या भूखंडाचें क्षेत्र ५०० चौरस मीटरांहून अधिक नाहीं, किंवा जेथें आठांहून अधिक सदनिका नाहींत, त्यांस ही नोंदणी नाहीं. आणि गांवच्या हद्दींत तशा लहान इमारती पुष्कळ. तेथें सातबारा, बिनशेती परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र हे तीन कागद डोळ्यांनीं पाहिल्यावांचून पाऊल उचलूं नये.

बोईसर आम्हीं दोनदां पाहिलें. त्याच्या नांवांतच एक गोंधळ आहे. औद्योगिक वसाहत 'तारापूर' म्हणून ओळखली जाते, अणुवीज केंद्रहि 'तारापूर'. प्रत्यक्षांत वसाहतीचें स्थानक, बाजार आणि राहातीं घरें बोईसरचीं, आणि मूळ तारापूर पश्चिमेस किनाऱ्यावर आपल्या किल्ल्यापाशीं निवांत पडलेलें. अणुवीज केंद्र १९६९ सालीं सुरू झालें, देशांतील पहिलें. त्याच्या नोकरवर्गाची वसाहत झाली आणि कारखाने आले, त्यामुळें हिंदुस्थानच्या सर्व प्रांतांतील माणूस बोईसरास भेटतो. ज्याची भाकरी तेथील कारखान्यांत आहे त्यानें बोईसरासच राहावें. रोज दोन तास गाडींत काढण्यापेक्षां तें शहाणपणाचें. आमच्यापैकीं मात्र कोणाचें काम तेथें नाहीं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें २०१८ सालीं देशांतील औद्योगिक टापूंची जी मोजणी केली, तींत तारापूरचा आंकडा १०० पैकीं ९३.६९, म्हणजे सर्वांत वाईट आला. सांडपाण्यानें खाडी व समुद्र नासला म्हणून मांगेला समाजाच्या परिषदेनें हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली होती. जानेवारी २०२२ मध्यें न्यायाधिकरणानें कारखान्यांवर आणि सांडपाण्याच्या शुद्धीकरण केंद्रावर मोठी भरपाई बसविली. दुसऱ्या खेपेस आम्ही मुद्दाम रात्रीं नऊपर्यंत थांबलों. ज्यास बोईसरांत घर घ्यावयाचें असेल त्यानें दिवसा भिंती पाहाव्या आणि रात्रीं नाक घेऊन जावें.

अणुवीज केंद्राची भीति आम्हांस फारशी वाटली नाहीं. आणीबाणीच्या योजनेसाठीं केंद्राभोंवतीं १६ किलोमीटरांचा टापू आंखलेला असतो आणि बोईसर त्यांत पडतें, एवढें घेणारास ठाऊक असावें. आमच्या मनांत राहिलीं तीं दुसरींच घरें. तिसरी आणि चौथी अणुभट्टी, प्रत्येकी ५४० मेगावॅटची, २००५ व २००६ सालीं चालू झाली. त्यांसाठीं अक्करपट्टी आणि पोफरण हीं गांवें उठवून दुसरीकडे वसविलीं. आपण दोन सदनिकांपैकीं कोणती बरी याचा घोळ घालीत असतों. त्या गांवांतील माणसांस घर निवडण्याचा प्रश्नच कोणीं विचारला नाहीं.

आतां बोईसरास वेगवान रेल्वेचें स्थानक होत आहे, आणि उत्तरेस डहाणू तालुक्यांत वाढवण येथें सुमारें ७६,२०० कोटी रुपयांचें बंदर. केंद्रीय मंत्रिमंडळानें त्यास १९ जून २०२४ रोजीं मान्यता दिली. ३० ऑगस्ट २०२४ रोजीं पालघरांत पायाभरणी झाली. किनाऱ्यावरील मच्छीमार गांवांनीं या बंदरास वर्षानुवर्षें विरोध केला आहे, आणि डहाणू तालुका तर १९९१ पासून पर्यावरणाच्या दृष्टीनें नाजुक म्हणून जाहीर झालेला. बंदर व्हावें कीं न व्हावें हें ठरविण्याचा हा स्तंभ नव्हे. परंतु जो मनुष्य बंदराच्या भरंवशावर आज चढा भाव देतो, तो घर घेत नसून पैज लावतो, आणि पैजेसाठीं सेवानिवृत्तीचा पैसा नसतो. दुसरी एक गोष्ट पत्रकांत कधींच येत नाहीं : नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीकडे भूकंपाच्या लहान धक्क्यांची मालिका चालू झाली आणि पुढें दीर्घकाळ रेंगाळली. त्या बाजूस घर घेणारानें इमारतीच्या मजबुतीचा दाखला अवश्य मागावा.

परत येतांना आईस माहीमला नेलें. तिच्या माहेरचें घर तिच्या भावांनीं पूर्वींच विकलेलें. तेथें आतां पर्यटकांस खोल्या देतात. ओटीवर नवी फरशी, पण विहीर तीच. नव्या मालकिणीनें फार अगत्यानें आंत बोलाविलें. आईनें विहिरींत वांकून पाहिलें आणि पाणी अजून गोड आहे काय एवढेंच विचारलें. पावसाळ्यानंतर गोड, उन्हाळ्यांत मचूळ, असें उत्तर आलें. तेथें दहा मिनिटें बसून आम्ही निघालों. गाडींत ती म्हणाली, "हें घर मला नकोच आहे. इकडची हवा हवी." मग बराच वेळ कोणी बोललें नाहीं.

अखेर आम्हीं जें केलें तें करण्याचा सल्ला पत्रें धाडणाऱ्या वाचकांस मनापासून देतों. पालघरांत विकत कांहींच घेतलें नाहीं. स्थानकाच्या पश्चिमेस, तळमजल्यावर, तीन खोल्या अकरा महिन्यांच्या कराराने भाड्यानें घेतल्या आणि करार रीतसर नोंदविला. अकरा महिन्यांच्या करारास नोंदणी लागत नाहीं, असा समज सर्वत्र आहे. तो चुकीचा आहे. दादा, वहिनी आणि आई ज्येष्ठांत तेथें राहावयास गेलीं. एक पावसाळा आणि एक वैशाख काढल्यावर काय तें ठरवावयाचें. सरलेल्या तीन महिन्यांत पुष्कळ कळलें. ताजें सरपण, रानभाज्या आणि सातपाटीची मासळी घेऊन बायका सकाळीं दारावरून जातात; यांपैकीं दुसरी वस्तु तेवढी आमच्या घरांत येते. एके रात्रीं आईस धाप लागली तेव्हां जवळचे डॉक्टर धांवून आले. पण मोठें दुखणें निघाल्यास मुंबई नाहीं तर वापी गांठावी लागते, असें त्यांनींच सांगितलें. ही गोष्ट दादांच्या मनांत घर करून बसली आहे. आषाढांत दोन दिवस गाड्या बंद पडल्या आणि आम्ही डोंबिवलीस अडकून राहिलों. गणपति या खेपेस तेथेंच बसविण्याचें ठरलें आहे. स्वयंपाकघरांत तिघी उभ्या राहातात.

आईनें भिंतीवरील दिनदर्शिकेवर रोजच्या चौकटींत पाण्याची वेळ लिहिण्यास आरंभ केला आहे. पाणी आलें म्हणजे वेळ, टँकर आला तर त्यापुढें फुली. आषाढाच्या पानावर फुली एकहि नाहीं. श्रावणाच्या पानावर एक आहे, आणि ती कां आली याविषयीं दादा आणि पहारेकरी यांचें बोलणें चालू आहे.